नोंद राहिलेलं बटण

मामीने फर्मान काढलं, गुरुवारी दुपारी तीनला सगळ्यांनी शिवणघरात हजर. तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे मामीला सवयच लागली होती, की आपण तोंड उघडलं म्हणजे समोरच्याने वही काढायची. नवऱ्याला तिने कामावरून तसाच, गणवेशाच्या काळ्या कोटासकट ओढून आणला होता. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, खिडकीपाशी खुर्चीत बसवून हातात चहा दिला होता. आणि ताईला, म्हणजे नणंदेला, काही सांगायची गरजच नव्हती, कारण शिवणघर तिचंच होतं. ती कापायच्या टेबलाशी उभी राहून लेकीच्या नव्या कोटाला अस्तर लावत होती, आणि कोणी आलंय असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

"मुद्दा एकच," मामी म्हणाली. "उद्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस. उद्या बारकीने शपथ घेतली नाही तर तिची जागा रिकामी झाली म्हणून जाहीर करतील. एकवीस हजार मतं गेली पाण्यात. आणि कशापायी? तर एवढ्याशा बटणापायी."

"एवढंसं म्हणू नकोस, मामी," बारकी म्हणाली.

बारकी म्हणजे ताईची एकुलती एक. वय तीस, उंची मामापेक्षा चार बोटं जास्त, आवाज धक्क्यावरच्या भोंग्याला मागे टाकणारा. पण घरात लहानपणी नाव पडलं ते पडलं. गेल्या महिन्यात ती निवडून आली होती, आणि गल्लोगल्ली एकच गोष्ट सांगून आली होती: बाबांचं बटण छातीला लावल्याशिवाय मी सभागृहात पाय ठेवणार नाही.

बटण पत्र्याचं. गोदीतल्या मोठ्या संपात जे तुरुंगात गेले, त्यांना तिथे करड्या जाड कापडाचे कोट मिळायचे आणि त्या कोटांना ही बटणं. सुटून आल्यावर त्यातलं एक ते छातीवर लावून हिंडायचे. बारकीचे वडील, सगळ्या घराचे दाजी, क्रेन चालवायचे, तेही त्यातलेच. दाजी गेले तेव्हा बारकी नऊ वर्षांची होती. आता त्या बटणाचा एक पक्ष झाला होता. आणि सभागृहाचा नियम एकेचाळीस सांगत होता, की कुठल्याही पक्षाची किंवा चळवळीची खूण अंगावर दिसेल अशी घालून आत यायचं नाही, मग तो सदस्य असो की वर गॅलरीत बसणारा पाहुणा.

हा नियम दारात उभं राहून पाळायला लावणारा माणूस मामा. सभागृहाचा मार्शल. सव्वीस वर्षांत त्याने टोप्या उतरवल्या होत्या, दंडावरच्या फिती सोडवल्या होत्या, एकदा तर एका मंत्र्याला पक्षाच्या रंगाचा रुमाल खिशातून काढायला लावला होता. नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

"नियम सगळ्यांना सारखा," तो आताही म्हणाला. "माझी भाची म्हणून काही वेगळा दरवाजा नाही."

"मागच्या आठवड्यात कुठे होतास पण तू?" बारकीने विचारलं. "दोनदा आले मी. दोन्ही वेळा दारात तुझा तो हाताखालचा. हात जोडून म्हणतो, बाई, तुम्ही नाहीतर बटण, दोघांतलं एकच काय ते आत."

"सर्दी झाली होती मला."

"सव्वीस वर्षांत साधी शिंक नाही हो यांना," मामी म्हणाली, "आणि शपथ म्हटल्याबरोबर दोन दिवस अंथरूण! मीच काढा उकळत होते. काढा प्यायला निरोगी माणूस."

अण्णा खुदकन हसले. मामा खिडकीबाहेर बघायला लागला. त्याला तिथून उठून जायचं होतं, पण दारात मामीची खुर्ची होती आणि ती मुद्दामच तिथे ठेवली होती.

"उद्या असणारेस ना पण?" बारकीने विचारलं.

"असणार आहे. साहेबांनी लेखी दिलंय, मीच उभं राहायचं म्हणून."

"मग मला अडवशील?"

ताईची सुई क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

"हे बघ," मामी बारकीकडे वळली, "शहाणपणाने घे. बटण आतून लाव. अस्तराला. तुझं तुला माहीत, बाबांचं बटण छातीशी आहे म्हणून. नियम म्हणतो दिसायला नको. नाही दिसणार. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही."

"बाबांनी आतून लावलं होतं?" बारकीने विचारलं. "ते गॅलरीत जाऊन बसले ते लपवून बसले होते?"

गॅलरीचा विषय या घरात चोवीस वर्षांत कोणी काढला नव्हता. सणासुदीला नाही, भांडणात नाही, दाजी गेले तेव्हाही नाही. मामीला वाटलं, झालं, आता ही पोरगी उठून जाणार. तिने घाईघाईने अण्णांना विचारलं, अण्णा, चहा गार झाला का?

अण्णांचं चहाकडे लक्षच नव्हतं. ऐंशी पार केलेला माणूस, सरकारी छापखान्यात अक्षरजुळणी करून निवृत्त झालेला. सभागृहाचं नियमांचं पुस्तक त्यांच्याच हातांनी जुळवलं होतं आणि दारावरच्या टेबलावर असते ती जप्त वस्तूंची वहीही त्यांनीच. त्यांनी खिशातून भिंग काढलं.

"आण बघू ते बटण."

बारकीने पाकिटातून काढून दिलं. अण्णांनी ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं, उजेडात धरलं.

"हे जावयाचं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुरुंगाच्या बटणाला मागे नंबर ठोकलेला असायचा. जावयाचा तीनशे सतरा. याच्या पाठीवर काहीच नाही. हे कुठल्या तरी पावसाळी कोटाचं आहे."

बारकीने आईकडे पाहिलं. सबंध निवडणूकभर हे बटण तिने हजारो लोकांना दाखवलं होतं. म्हाताऱ्या गोदी कामगारांनी ते हातात घेऊन कपाळाला लावलं होतं. तिला आपले कान तापलेले कळले.

"आई, तू म्हणालीस हे बाबांचं."

ताईने सुई उशीत खोचली. ती एकोणसाठ वर्षांची होती, आणि त्यातली चोवीस वर्षं तिने हा प्रश्न कधी तरी कोणी तरी विचारेल या धास्तीत काढली होती. सहाव्या वर्षी बारकीने विचारलं होतं बाबांचं बटण कुठाय, तेव्हा तिने डब्यात हात घालून जे लागलं ते दिलं. पोर खूश झाली. त्यानंतर खरं सांगायला कधी वेळच आली नाही, किंवा आली तेव्हा ती मूग गिळून बसली.

"तुझ्या बाबांचं बटण या खोलीतच आहे," ती म्हणाली. "तुझ्या मामाच्या कोटात."

"काय?" मामी खुर्चीतून उठली.

"डाव्या बाजूला, आतल्या खिशाच्या खाली. अस्तराच्या आत." ताईचा आवाज शांत होता, पण टेबलावर टेकलेली बोटं पांढरी पडली होती. "सभागृहाचे सगळे कोट मीच शिवते. दर तीन वर्षांनी याला नवा कोट मिळतो. दर वेळी जुन्यातून उसवून नव्यात लावते. म्हटलं, माझ्या नवऱ्याच्या छातीवरचं ओढलंस ना? मग आता तूच घेऊन जा ते रोज आत. तुझ्या त्या नियमाच्या नाकावर टिच्चून."

"अगंबाई!" मामी म्हणाली, आणि पुढचं तिच्या तोंडून आपसूक गेलं, "म्हणजे चोवीस वर्षं कुंपणच शेत खात होतं!"

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. तो लाल होईल, ओरडेल, कोट काढून फेकेल असं मामीला वाटलं. तसं काही झालं नाही.

"मला माहीत आहे," मामा म्हणाला.

"काय माहीत आहे?" ताईने विचारलं.

"पहिल्याच दिवशी टोचलं. दारात उभा होतो. वाकलो की बरगडीला लागायचं. जेवणाच्या सुट्टीत चाचपून पाहिलं." तो अजूनही खिडकीबाहेरच बघत होता. "तुझा टाका ओळखू येतो, ताई."

"आणि ठेवलंस?"

"काढलं असतं तर तुला परत आणून द्यायला लागलं असतं. एकदा दिलं होतं. या इथेच मशीनवर ठेवलं होतं. तेव्हा तू जे बघितलंस माझ्याकडे, ते मला पुन्हा नको होतं."

ताईला हे ठाऊक नव्हतं. चोवीस वर्षं ती मनात एक सूड जपत आली होती, आणि ज्याच्यावर उगवला तो माणूस तो मुकाट्याने अंगावर वागवत होता. तिला त्याचा राग आला. मग कीव आली. आणि मग कीव आल्याचाच राग आला.

"मग सांग ना आज," ती म्हणाली. "पोरीसमोर सांग. काय झालं होतं गॅलरीत?"

"ओढाताणीत तुटलं."

"तुटलं नाही. काढलंस तू."

"ताई, वरून हुकूम आला होता. दाजी उठायला तयार नव्हते. मी दंडाला धरलं, ते मागे सरले, बटण..."

"काढलंस. दोरा तुटला नव्हता, कापड फाटलं होतं. मी रफू केलं ते कापड. तुटलेलं बटण आणि ओढून काढलेलं बटण यातला फरक तू मला शिकवणार?"

अण्णांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. "मला एक सांग," ते मुलाला म्हणाले. "त्या वहीत मी पाच रकाने जुळवले होते. वस्तू, कोणाची, कशी घेतली, वेळ, परत मिळाल्याची सही. जे काढाल ते लिहायचं आणि जाताना परत द्यायचं. जावयाचं बटण लिहिलंस?"

"नाही."

"का?"

"साहेब म्हणाले होते, बळ वापरलं असं कुठे येता कामा नये." मामा म्हणाला. "लिहिलं तर 'कशी घेतली' हे लिहावं लागलं असतं. म्हणून लिहिलंच नाही. सव्वीस वर्षांत तेवढी एकच वस्तू. एका पोराचा कागदी झेंडासुद्धा लिहिलाय मी."

बारकी हे सगळं उभ्यानेच ऐकत होती. तिला मामाचा राग होताच, आता आईचाही होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, की आपण पावसाळी कोटाचं बटण घेऊन भाषणं ठोकली. तिने हात पुढे केला.

"कोट काढ, मामा."

मामाने कोट काढला. नुसत्या सदऱ्यात तो एकदम म्हातारा दिसायला लागला. ताईने अस्तर उलटं केलं, कात्रीचं टोक घालून दोन टाके उसवले आणि बटण बाहेर आलं. कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या. मागे तीन, एक, सात. अण्णांनी न विचारताच मान हलवली.

बारकीने ते बटण आईच्या तळहातावर ठेवलं.

"लाव. बाहेरून. छातीवर."

"अगं, अडवतील गं उद्या!" मामी कळवळली. "जागा जाईल. त्यापेक्षा..."

"जाऊ दे मग."

ताईने भावाकडे पाहिलं. तो कोट अंगात घालत होता. त्याने काही म्हटलं असतं, एक शब्द, तर ती कदाचित थांबली असती. पण तो गुंड्या लावत राहिला. ताईने काळा जाड दोरा ओवला आणि बटण लावायला घेतलं.

* * *

सकाळी दहाला पहिली घंटा झाली. मामा दारात उभा. शेजारी टेबल, टेबलावर पितळी ताट, छोटी कात्री आणि वही. कोटाच्या डाव्या बाजूला बरगडीशी आज काही लागत नव्हतं, आणि त्यामुळे त्याला धड उभं राहता येत नव्हतं. सारखं वाटत होतं, काही तरी विसरून आलोय.

रात्री मामीने त्याला एकच विचारलं होतं. अडवणार आहात का? तो म्हणाला होता, नियम आहे. मामी म्हणाली होती, नियम आहे हे मला पाठ आहे, मी तुमच्याबद्दल विचारतेय. मग ती कूस बदलून झोपली होती.

बातमीदार कठड्याच्या पलीकडे माना लांबवून उभे होते. त्यांना नाट्य हवं होतं. मार्शल मामा, सदस्य भाची. हाताखालचा माणूस हळूच म्हणाला, "साहेब, मी करू का? तुम्ही जरा आत..."

"सर्दी नाहीये मला आज," मामा म्हणाला.

बारकी लांब पावलं टाकत आली. नवा काळा कोट, आणि डाव्या छातीवर पत्र्याचं बटण. त्याच्या समोर येऊन थांबली. इथे तो मामा नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

"सन्माननीय सदस्य," मामा म्हणाला, "नियम एकेचाळीस. बटण काढून ताटात ठेवा. जाताना परत मिळेल."

"मी नाही काढणार," बारकी म्हणाली. "तुम्ही काढा. पूर्वी काढलं होतंत तसं."

बातमीदारांत कुजबुज झाली. दुसरी घंटा सुरू झाली. ती पाच मिनिटं वाजते आणि थांबली की दार बंद. मामाचा हात कोटापर्यंत गेलाच नाही. या हाताने त्याने शेकडो माणसांच्या छातीवरचं काय काय काढलं होतं, पण आज तो उचलत नव्हता. त्याला दाजींचा चेहरा आठवला. दाजी तेव्हा रागावले नव्हते. नुसतं म्हणाले होते, अरे, तू?

"थांबा," मामा म्हणाला. "आधी एक जुनी नोंद राहिलीय."

त्याने वही उघडली. हाताखालच्या माणसाला वाटलं साहेबांचं डोकं फिरलं. मामाने चोवीस वर्षांपूर्वीची तारीख घातली. वस्तू: पत्र्याचं बटण, क्रमांक तीनशे सतरा. कोणाची: इथे त्याने दाजींचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. कशी घेतली, या रकान्यापाशी पेन थांबलं. घंटा वाजत होती. मग त्याने लिहिलं, अंगावरून ओढून काढली. खाली आपली सही केली. वही फिरवून तिच्यापुढे सरकवली.

"परत मिळाल्याची सही," तो म्हणाला. "मालक हयात नाही. वारसाची चालते."

बारकी वाचायला लागली. एक ओळ, पण तिला ती पुन्हा पुन्हा वाचावी लागली, कारण अक्षरं हलत होती. तिच्या बाबांचं नाव त्या इमारतीत कुठेच नव्हतं. संपाच्या अहवालात नाही, गॅलरीच्या नोंदीत नाही. आता होतं. तिने सही केली. सही वाकडी आली.

"मामा," ती अगदी हळू म्हणाली. "आता काढ."

मामाने छोटी कात्री घेतली. डाव्या हाताने कोटाचं कापड अलगद धरलं, जसं ताई धरायची तसं, आणि बटणाखालचे दोरे एकेक करून कापले. ताईचा टाका होता, वेळ लागला. कापडाला ओरखडाही गेला नाही. बटण त्याने ताटात टाकलं नाही, ठेवलं. वहीत दुसरी ओळ लिहिली: सदस्यांच्या संमतीने. घंटा अजून वाजत होती.

"जा," तो म्हणाला. "पळ."

वर गॅलरीत ताई आणि मामी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. खाली बारकी घाईने चालत मधोमध आली. तिच्या छातीवर बटण नव्हतं, पण जाड काळ्या दोऱ्याचा झुबका तसाच उभा होता, चांगला बोटभर. ताईने काल मुद्दामच दोऱ्याचे दहा वेढे जास्त घेतले होते. कापलं तर काही तरी उरावं, एवढंच तिच्या मनात होतं.

अध्यक्षांनी चष्म्यातून पाहिलं. दोऱ्याला हरकत घेणारा नियम त्यांना आठवेना.

"सन्माननीय सदस्यांच्या कोटाचं बटण तुटलेलं दिसतं," ते म्हणाले.

"तुटलेलं नाही, अध्यक्ष महोदय," बारकी म्हणाली, आणि तिचा तो भोंग्यासारखा आवाज गॅलरीच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "काढलेलं आहे. तशी नोंद आहे."

मग तिने शपथ घेतली. ताईने त्यातला एकही शब्द ऐकला नाही. ती दाराकडे बघत होती. दारात तिचा भाऊ पाठ ताठ करून उभा होता, आणि खिशातून रुमाल काढून नाक पुसत होता.

"बघा वन्सं," मामी म्हणाली, तिचाही आवाज फुटत होता. "आता झाली खरी सर्दी."